घरी मॅगझिन बदलण्याचा सराव: निष्क्रिय प्रतिकृती पिस्तूल कितपत उपयोगी?

सांगलीकर (प्लेनो, टेक्सास) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी मूळचा सांगलीचा. नोकरीच्या निमित्ताने गेली सहा वर्षे डॅलसजवळ प्लेनो येथे सहकुटुंब राहतो आहे. माझा व्हिसा एच-१बी आहे. शिकारीचा परवाना काढून मी दीड वर्षापूर्वी रीतसर ग्लॉक १७ हे ९ मिलिमीटरचे पिस्तूल घेतले आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या क्लब स्पर्धेत प्रॉडक्शन गटात भाग घेतो. नेम बरा आहे, पण मॅगझिन (पिस्तुलाच्या मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) बदलताना माझा फार वेळ जातो. लांब कोर्समध्ये (म्हणजे स्पर्धेतल्या एका फेरीत) ३२ गोळ्यांपर्यंत झाडाव्या लागतात, आणि आमच्या गटात एका मॅगझिनमध्ये किती गोळ्या भरायच्या याला मर्यादा असल्यामुळे एकाच कोर्समध्ये दोन-तीन वेळा मॅगझिन बदलणे अटळ असते. एका गोळीपासून, मॅगझिन बदलून, पुढच्या गोळीपर्यंत टायमरवर मला साडेतीन सेकंद लागतात. माझ्याबरोबरची अनुभवी मंडळी तेच काम दोन सेकंदांच्या आत करतात.

जवळच्या बंदिस्त रेंजवर पट्ट्यातून मॅगझिन काढून भराभर बदलू देत नाहीत, आणि मोकळी रेंज घरापासून सव्वा तासावर आहे. म्हणजे सराव घरीच करावा लागणार. पण आमची मुलगी सात वर्षांची आहे, आणि खरे पिस्तूल रोज संध्याकाळी तिजोरीतून बाहेर निघावे हे माझ्या पत्नीला मान्य नाही. तिचे म्हणणे मला पूर्णपणे पटते, त्यामुळे त्यावर वाद घालण्यासाठी हा धागा काढलेला नाही. ज्यातून गोळी सुटणे शक्यच नाही अशी प्रतिकृती घेऊन सराव केला तर काही साध्य होईल का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

बाजारात पाहिले तर निळी भरीव पिस्तुले आहेत, लेसरवाली सराव-पिस्तुले आहेत, गॅसवर चालणारी, प्लास्टिकचे छर्रे सोडणारी एअरसॉफ्टची पिस्तुले आहेत, आणि खऱ्या पिस्तुलात बसवायची पिवळी प्लास्टिकची नळीही मिळते. यांपैकी मॅगझिन बदलण्याच्या सरावाला नेमके काय उपयोगी पडते? माझ्या व्हिसाच्या दृष्टीने यात काही अडचण आहे का? ज्यांनी स्वतः असा सराव केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रेंजऑफिसर (ह्यूस्टन)

नमस्कार सांगलीकर. मी बारा वर्षे हा खेळ खेळतो आहे आणि आमच्या क्लबमध्ये रेंज अधिकारी म्हणून काम पाहतो. मीही एकेकाळी एच-१बीवर होतो, म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरावर पुढची खरेदी अवलंबून आहे.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार, म्हणजे १८ यूएससी ९२२(जी)(५)(बी) या कलमानुसार, एच-१बीसारख्या नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या वास्तव्याच्या) व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक आणि दारूगोळा दोन्ही बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक, आणि तुम्ही त्याच आधारावर उभे आहात. टेक्सासमधील शिकार परवान्याचे वर्ष ३१ ऑगस्टला संपते. त्या दिवशी नूतनीकरण राहून गेले, तर १ सप्टेंबरच्या सकाळी तिजोरीतले पिस्तूल तुमच्याकडे बेकायदा पडलेले असेल. ही तारीख तुम्ही कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवली असेल असे मी गृहीत धरतो. तुमच्या पत्नी एच-४वर (एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असतील आणि त्यांच्याकडे परवाना नसेल, तर तिजोरीची किल्ली किंवा आकडा त्यांच्याकडे ठेवू नये, असे मला तेव्हा वकिलांनी बजावले होते आणि मी ते पाळले.

आता प्रतिकृतीविषयी. पॉलियुरेथेनचे भरीव निळे पिस्तूल कायद्याच्या दृष्टीने बंदूकच नाही, त्यामुळे ते बाळगायला परवाना लागत नाही. खऱ्या पिस्तुलात बसवायच्या पिवळ्या नळीचे मात्र तसे नाही. संघीय व्याख्येत पिस्तुलाची फ्रेम, म्हणजे मुठीसकटचा खालचा सांगाडा, हीच बंदूक. तुम्ही नळी काढा, पिवळी बसवा किंवा काहीच बसवू नका, ती वस्तू कायद्याला पिस्तूलच दिसते. त्या नळीत खरे काडतूस शिरत नाही, हा तिचा सुरक्षिततेचा फायदा खरा आहे. पण तिजोरीतले पिस्तूल बाहेर काढावे लागते, आणि तुमच्या घरात नेमके तेच टाळायचे आहे.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ‘दारूगोळा’ या शब्दाच्या संघीय व्याख्येत भरलेल्या काडतुसाबरोबरच रिकामे पितळी कवच, प्रायमर (दारू पेटवणारी टिकली), गोळी आणि दारू हे सुटे घटकही येतात. रेंजवरची वापरलेली कवचे उचलून, त्यांवर गोळी दाबून घरी डमी (न उडणारी) काडतुसे करण्याची पद्धत इथल्या नेमबाजांमध्ये सर्रास आहे. परवाना वैध असेपर्यंत तुम्हाला त्याची अडचण नाही. पण ज्यांच्याकडे परवाना नाही आणि जे केवळ प्रतिकृतीवर सराव करू पाहतात, अशा व्हिसाधारक वाचकांनी त्या वाटेला अजिबात जाऊ नये. अॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची कारखान्यात बनवलेली डमी काडतुसे घ्यावीत.

आता कोणते पिस्तूल घ्यावे ते सांगतो. ५०-६० डॉलरचे भरीव निळे पिस्तूल होल्स्टरमधून (कमरेच्या म्यानातून) काढण्याच्या, हिसकावाहिसकावीच्या किंवा वर्गात दाखवण्याच्या कामाचे असते. त्यातल्या बहुतेकांचे मॅगझिन मुठीशी एकजीव असते, बाहेर येतच नाही. घेण्यापूर्वी मॅगझिन सुटे आहे का आणि ते सोडण्याचे बटण खरोखर चालते का, एवढे विचारून घ्या. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर तुमच्या कामासाठी ते निरुपयोगी आहे.

लेसरवाल्या सराव-पिस्तुलांत सर्ट (SIRT) या नावाने विकले जाणारे ग्लॉक १७ च्या आकाराचे मॉडेल मी स्वतः चार वर्षे वापरले आहे. त्याचे मॅगझिन सुटते, बटण दाबले की खाली पडते, आणि त्याला भरलेल्या मॅगझिनच्या जवळपास वजन दिलेले असते. मॅगझिन बदलण्यासाठी मला तेच सर्वांत योग्य वाटते. किंमत २०० डॉलरच्या वर जाते आणि जादा मॅगझिनचे पैसे वेगळे पडतात, पण चार महिन्यांच्या सरावात जाळलेल्या काडतुसांचा हिशेब केला तर ती जड वाटत नाही.

एअरसॉफ्टविषयी लोक जपानचे उदाहरण देतात. तात्सुया साकाई यांनी जपानमध्ये मुख्यतः एअरसॉफ्टवर सराव करून २००४ साली अमेरिकेतील स्टील चॅलेंज ही वेगवान नेमबाजीची स्पर्धा जिंकली, हे खरेच आहे आणि त्याबद्दल मला मोठा आदर वाटतो. पण स्टील चॅलेंजमध्ये एका खेपेला पाच लोखंडी तबकड्या असतात आणि खेप चालू असताना मॅगझिन बदलण्याची वेळ सहसा येत नाही. पिस्तूल काढणे आणि एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाणे एअरसॉफ्टवर उत्तम शिकता येते, हे त्या उदाहरणातून कळते. मॅगझिन बदलण्याबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय गॅसच्या मॅगझिनच्या पोटात टाकी आणि झडप असते. दिवसातून वीस वेळा ते जमिनीवर पडले तर थोड्याच दिवसांत गॅस गळू लागतो.

रंगाविषयी एक कळकळीची सूचना. निळे म्हणजे निरुपद्रवी, लाल म्हणजे निरुपद्रवी, अशी समजूत करून घेऊ नका. ग्लॉक कंपनीचेच लाल फ्रेमचे १७पी हे सराव-पिस्तूल गोळी झाडू शकत नाही, पण निळ्या फ्रेमचे १७टी रंगाच्या खुणा उमटवणारी काडतुसे झाडते. अन्य उत्पादकांकडे निळा रंग नेमका निष्क्रिय प्रतिकृतीला असतो. रंग पाहून ओळख पटवता येते, पण खात्री करायची असेल तर वस्तू प्रत्येक वेळी हाती घेऊन तपासावीच लागते.

मुठा (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

रेंज अधिकाऱ्यांनी कायद्याची आणि खरेदीची बाजू इतकी नीट मांडली आहे की मी थेट हाताच्या हालचालीकडे वळते. मी पुण्यात महाविद्यालयात असताना २५ मीटर पिस्तूल खेळत असे. त्या खेळात पाच-पाच गोळ्यांची मालिका असते आणि मॅगझिन बदलायला घाई नसते, त्यामुळे इथे येऊन यूएसपीएसए सुरू केल्यावर माझी अवस्था तुमच्यासारखीच होती. पहिल्या वर्षी साडेतीन सेकंदही मला स्वप्नवत वाटायचे.

माझ्या अनुभवात वेळ हाताच्या मंदपणामुळे जात नाही. नवे मॅगझिन मुठीतल्या पोकळीच्या तोंडाशी येऊन अडखळते, तिथे तो जातो. म्हणून सरावाचे दोन तुकडे करा. पहिल्या तुकड्यात पिस्तूल छातीसमोर, हनुवटीच्या उंचीवर, कोपर बरगडीजवळ ठेवून धरा आणि मनगट किंचित वळवून पोकळीचे तोंड पट्ट्यातल्या मॅगझिनच्या दिशेने आणा. मोकळ्या हाताची तर्जनी मॅगझिनच्या पुढच्या कडेवर सरळ ठेवा, तिचे टोक सर्वांत वरच्या काडतुसाच्या टोकाशी टेकू द्या, आणि मॅगझिन पोकळीच्या तोंडापर्यंत आणून तिथेच थांबा. आत ढकलू नका. मॅगझिनची मागची सपाट बाजू पोकळीच्या मागच्या भिंतीला टेकली का, ते डोळ्यांनी पाहा. हा सराव नेमबाज मॅट बर्केट यांच्या नावाने ओळखला जातो, आणि माझ्या मते प्रतिकृतीवर पंधरा मिनिटे सराव केलात तर त्यांतली दहा मिनिटे यालाच द्यावीत. तो इतका कंटाळवाणा आहे की बहुतेक जण आठवड्याभरात सोडून देतात, आणि ज्यांनी सोडलेला नाही त्यांची मॅगझिने स्पर्धेत अडखळत नाहीत.

दुसऱ्या तुकड्यात मॅगझिन आत बसवायचे आणि पुन्हा दोन्ही हातांची पकड जमवून लक्ष्यावर यायचे. तळहाताच्या मागच्या उंचवट्याने मॅगझिनच्या बुडाला ठोस दाब द्या. इथे प्रतिकृतीने माझा घात केला होता, तो सांगते. दोन महिने मी हलक्या प्रतिकृतीवर सराव केला, वेळ अडीच सेकंदांवर आली आणि मी खूश झाले. त्यानंतरच्या स्पर्धेत दुसऱ्या कोर्सला मॅगझिन बदलले, एक गोळी झाडली आणि मॅगझिन पायाशी येऊन पडले. प्रतिकृतीत वरून दाबणारी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) नसते. खऱ्या पिस्तुलात स्लाइड बंद असताना भरलेले मॅगझिन घातले की वरचे काडतूस स्लाइडच्या तळाला टेकते, आतली स्प्रिंग आणखी दाबावी लागते, आणि त्यासाठी लागणारा जोर माझ्या हाताने शिकलेलाच नव्हता. तेव्हापासून प्रतिकृतीवरही मी गरजेपेक्षा जास्त जोराने बसवते, आणि महिन्यातून एकदा रेंजवर खऱ्या पिस्तुलाने केवळ तेवढाच जोर तपासून पाहते.

वजनाचेही तसेच आहे. ९ मिलिमीटरचे एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचे असते, म्हणजे पंधरा काडतुसांचे १८० ग्रॅम झाले, आणि मॅगझिनचे स्वतःचे वजन त्यावर. अॅल्युमिनियमची डमी काडतुसे त्याहून बरीच हलकी असतात. हलके मॅगझिन पट्ट्यातून चटकन निघते, आणि मग स्पर्धेतले जड मॅगझिन हातात येताच अंदाज चुकतो. घेत असलेल्या प्रतिकृतीचे मॅगझिन वजनदार आहे का, ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून बघा.

आणखी एक गोष्ट, आणि ती सेकंदांपेक्षा महत्त्वाची आहे. मॅगझिन बदलताना ट्रिगरवरचे बोट बाहेर, फ्रेमला चिकटून हवे. आपल्या खेळात बोट आत राहिले तर स्पर्धेतून बाद करतात. शिवाय नळी १८० अंशांची रेषा, म्हणजे आपल्या जागेवरून लक्ष्यांच्या बाजूला समांतर जाणारी काल्पनिक रेषा, ओलांडून मागे वळता कामा नये. उजव्या हाताने खेळणाऱ्याला उजवीकडून डावीकडे धावताना मॅगझिन बदलणे सर्वांत घातक असते, कारण मनगट वळवले की नळी आपोआप डावीकडे आणि मागे जाऊ लागते. खऱ्या पिस्तुलाने घरात धावण्याचा सराव कोणी शहाणा माणूस करणार नाही, आणि प्रतिकृतीचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. माझ्या घरातल्या लांब खोलीची एक भिंत मी लक्ष्याची बाजू मानते, जमिनीवर तिला समांतर चिकटपट्टी लावते आणि त्या पट्टीवरून डावीकडे चालत मॅगझिन बदलते. फोन पट्टीच्या टोकाला ठेवून चित्रण करते. पहिल्या दिवशी दहापैकी चार वेळा माझी नळी रेषेपलीकडे गेली होती. स्पर्धेत त्यांतली एकदा जरी गेली असती तरी मला सामान आवरून घरी जावे लागले असते.

सुभेदार (निवृत्त), सातारा

सांगलीकर साहेब, माझा मुलगा तिकडे ह्यूस्टनला असतो, त्याने हा धागा दाखवला म्हणून लिहितो. स्पर्धांचा माझा अनुभव नाही, पण पलटणीत जवानांना आणि पुढे एनसीसीच्या मुलांना हत्यार शिकवण्यात माझी बावीस वर्षे गेली. आपल्याकडे डीपी रायफल, म्हणजे केवळ कवायतीसाठी राखलेली रायफल, आणि ड्रिल काडतूस या गोष्टी फार जुन्या आहेत. महाराष्ट्रातल्या हजारो मुलामुलींनी पहिल्यांदा हात लावलेली रायफल डीपीच होती.

तुम्ही जे विचारता आहात त्यात मला एकच धोका दिसतो, आणि तो प्रतिकृतीत नाही. खरे हत्यार आणि निष्क्रिय हत्यार एकाच जागी, एकाच वेळी आले की माणसाचे मन फसते. आमच्याकडे धड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक हत्याराचे निरीक्षण होत असे, मग ते डीपी असले तरीही. ड्रिल काडतुसेसुद्धा उस्ताद स्वतः एकेक करून तपासत असे, कारण ड्रिलच्या काडतुसांत एक खरे मिसळले तर त्याची किंमत कोण मोजणार? मुलांना वाटायचे, हे डीपीच आहे, कशाला तपासायचे? ही सवय उद्यासाठी लावायची असते, आणि निष्क्रिय हत्यारावर टाळाटाळ करणारा खऱ्यावरही करतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून माझी विनंती अशी की सरावाच्या खोलीत खरे काडतूस एकही नसावे, खरे मॅगझिन नसावे, खरे पिस्तूल नसावे. प्रतिकृती हातात घेतल्यावरही ती भरलेली आहे असे मानूनच तिची दिशा ठेवावी, आणि भिंत निवडताना पलीकडे कोण झोपते याचा विचार करावा. तिकडच्या घरांच्या आतल्या भिंती पातळ पत्र्यासारख्या असतात, असे मुलाकडे राहिलो तेव्हा पाहिले. सराव संपला की मोठ्याने म्हणावे, ‘सराव संपला’, आणि प्रतिकृती तिच्या जागी जावी. त्यानंतर ‘एकदाच आणखी’ हा शब्द नाही. खऱ्या पिस्तुलाचे घरातले कितीतरी अपघात याच ‘एकदाच आणखी’पायी होतात. सराव संपवून पिस्तूल पुन्हा भरलेले असते, मनाला मात्र अजून सरावच चालू आहे असे वाटत राहते.

सांगलीकर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. सुभेदार साहेबांचा मुद्दा वाचून मी एक गोष्ट लगेच बदलली. खरी मॅगझिने मी आजवर पट्ट्यासकट कपाटात ठेवत असे, ती आता पिस्तुलाबरोबर तिजोरीत गेली. सरावासाठी पट्टा तोच, पण त्यात फक्त सराव-पिस्तुलाची मॅगझिने असतील.

दोन शंका उरतात. मुलीला ही प्रतिकृती दिसू द्यावी का? तिला ते खेळणे आहे असे सांगावे, की पिस्तूल आहे असे सांगावे? आणि डिसेंबरमध्ये आम्ही तीन आठवडे सांगलीला जाणार आहोत. हाताची सवय मोडू नये म्हणून प्रतिकृती किंवा निदान दोन मॅगझिने बरोबर नेता येतील का?

दोन मुलांची आई (सिॲटल)

पहिल्या शंकेचे उत्तर मी देते, कारण आमच्या घरात हा प्रश्न पाच वर्षांपूर्वी येऊन गेला. आम्ही सुरुवातीला मुलांना सांगितले होते की निळे पिस्तूल बाबांच्या सरावाचे आहे, त्याने काही होत नाही, पण खरे दिसले तर हात लावायचा नाही. महिन्याभरात धाकट्याने मला विचारले, ‘मग मित्राच्या घरी लाल असेल तर?’ त्या प्रश्नाने मला खडबडून जागे केले. सहा-सात वर्षांच्या मुलाने रंग पाहून निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा करणे ही आमची चूक होती.

त्यानंतर घरात एकच नियम झाला. पिस्तुलासारखी दिसणारी वस्तू कुठल्याही रंगाची असो आणि कोणाच्याही घरी असो, ती दिसली की थांबायचे, हात लावायचा नाही, तिथून निघून जायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे. इथल्या काही शाळांतून मुलांना शिकवले जाणारे हेच चार टप्पे आहेत, त्यामुळे घरी आणि शाळेत एकच गोष्ट त्यांच्या कानावर पडते. प्रतिकृतीला आम्ही खेळणे म्हणत नाही. ती कुलपात असते, मुले झोपल्यावर बाहेर निघते, आणि मुलांनी चुकून पाहिलीच तर मी त्यांना ‘हे पिस्तूल आहे, बाबांचे आहे’ एवढेच सांगते. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागली, तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. प्रतिकृतीला तो कायदा लागू होत नाही, पण कुलूप तेच लावावे.

आणखी एक विनंती. सराव करताना पडदे ओढून घ्या, आणि प्रतिकृती अंगणात, गॅरेजच्या उघड्या दाराशी किंवा गाडीत कधीही नेऊ नका. संध्याकाळच्या उजेडात रस्त्यावरून पाहणाऱ्याला निळा रंग काळाच दिसतो. २०१४ साली क्लीव्हलँडमध्ये तामिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा एअरसॉफ्टचे पिस्तूल जवळ असताना पोलिसांच्या गोळीने मेला. त्या पिस्तुलाच्या तोंडावरची नारिंगी खूण निघालेली होती. नकली पिस्तुलांना ती नारिंगी खूण असावी असा संघीय कायदा १९८८ मध्ये झाला, आणि तरीही असे घडले. एअरसॉफ्ट घेतलेच तर ती खूण कोणत्याही कारणाने काढू किंवा रंगवू नका. रात्री मुले झोपल्यावर पडदे ओढताना मला अजूनही दर वेळी त्या मुलाची आठवण येते.

रेंजऑफिसर (ह्यूस्टन)

सांगलीला काहीही नेऊ नका, हे माझे स्पष्ट मत. प्रतिकृती हातातल्या सामानात इथेही चालत नाही आणि भारतातल्या विमानतळांवरही नाही. खऱ्या पिस्तुलाच्या मॅगझिनचा तर विचारही करू नका, कारण भारताच्या आर्म्स अॅक्ट १९५९ मधील शस्त्रांच्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही येतात. आणि रेंजवर नेण्याची बॅग प्रवासाला अजिबात वापरू नका. अस्तराच्या शिवणीत अडकलेले एक काडतूस परतीच्या वेळी मुंबईच्या विमानतळावर सापडले तर त्याच कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, विमान जाते, आणि वकील शोधत फिरावे लागते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या वाट्याला हे आले आहे. वृद्ध आईवडिलांसमोर ते सगळे घडले, आणि बॅग मुलाची होती हे पटवून देईपर्यंत त्यांचे चार दिवस गेले. त्या कुटुंबाने आता रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घेतली आहे आणि ती गॅरेजमधून घरात येतच नाही. तुम्हीही तसेच करावे.

तीन आठवड्यांनी हात फारसा विसरत नाही. परत आल्यावर पहिले तीन-चार दिवस टायमर बंद ठेवा आणि मुठाताईंनी सांगितलेला पोकळीच्या तोंडाशी थांबण्याचा सराव तेवढा करा. मग टायमरचा दुसरा इशारा (ज्याच्या आत बदल पूर्ण करायचा तो) तीन सेकंदांवर लावा. दहापैकी नऊ वेळा मॅगझिन स्वच्छ बसू लागले की तो सेकंदाच्या दहाव्या भागाने खाली आणा. एकाच दिवशी दोनदा खाली आणू नका.

आणि एक राहिलेच. स्पर्धेच्या ठिकाणी जे सुरक्षा-क्षेत्र आखलेले असते, तिथे रिकाम्या मॅगझिनने बदलाबदलीचा सराव करायला परवानगी आहे. पण तिथे काडतुसाला हात लावला की बाद, आणि हा नियम डमी काडतुसांनाही लागू आहे. घरी डमी भरून सराव करणाऱ्या एका नव्या खेळाडूला मला गेल्या वर्षी याच कारणासाठी सकाळी आठ वाजता घरी पाठवावे लागले. त्याने आदल्या रात्रीची मॅगझिने तशीच पट्ट्यात ठेवली होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पट्टा पूर्ण रिकामा करून ठेवत जा.